सीएसएमटीच्या घुमटामागचे स्टीव्हन्स

१८६७ साली फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स सरकारी बांधकाम खात्याच्या नोकरीवर हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांनी जेमतेम विशी गाठली होती. जन्म इंग्लंडमधल्या बाथचा, वास्तुकामाची उमेदवारीही तिथलीच. आधी पुणे, मग मुंबई. वेळ मात्र छान साधली. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना किल्ल्याचा तट पाडला गेला होता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या इमारती उभ्या राहत होत्या.

खलाशांसाठी बांधलेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम (१८७२–७६) ही त्यांची पहिली मोठी इमारत. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. पण दर्शनी त्रिकोणावर समुद्रदेव नेपच्यून अजून ठाण मांडून बसलेला दिसतो.

त्यानंतर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने त्यांना बोरीबंदरच्या स्थानकासाठी, म्हणजे आजच्या सीएसएमटीसाठी, मागून घेतले. स्टीव्हन्स आधी युरोपातली स्थानके पाहून आले. १८७८ मध्ये सुरू झालेले काम दहा वर्षे चालले, खर्च सोळा लाखांवर गेला. मधला अष्टकोनी घुमट खालून लाकडी आधार न देता, दगडी फासळ्या एकमेकींत अडकवून चढवला. ही कारागिरी शैलीच्या चर्चेत झाकून जाते. व्हेनिशियन गॉथिक म्हटले की काम भागते. पण खांबांवरचे मोर, माकडे, पानेफुले कोरण्यात जेजे स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात होता. आणि स्टीव्हन्स यांच्या मदतीला सीताराम खंडेराव वैद्य होते. आपल्याकडे हे नाव कितीजणांना ठाऊक आहे?

काम चालू असतानाच, १८८४ मध्ये, स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय थाटला. स्थानकासमोरचे महापालिका मुख्यालय त्यानंतरचे. चार वर्षांत, १८९३ च्या जुलैअखेर ते पुरे झाले. मंजुरी ११,८८,०८२ रुपयांची, प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९! पालिकेच्या आजच्या कंत्राटांकडे पाहता हा आकडा दोनदा वाचावासा वाटतो. कंत्राटदार होते व्यंकू बाळूजी कालेवार.

चर्चगेटचे बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे मुख्यालय १८९९ मध्ये तयार झाले. पुढच्याच वर्षी मुंबईतच मलेरियाने स्टीव्हन्स गेले. दफन शिवडीच्या कबरस्तानात झाले. पुढे मुलगा चार्ल्स यानेही वडिलांचाच पेशा धरला. कुलाब्याचे रीगल थिएटर (१९३३) त्याचे.