विश्वातलं एवढं हेलियम आलं कुठून?

विश्वाची सुरुवात कशी झाली, या प्रश्नाचे दोन भाग पडतात. पहिल्या सेकंदापासून पुढे काय झालं, हे आकडेमोड करून आणि दुर्बिणीने पडताळून झालं आहे. त्याआधी काय होतं आणि हे सगळं कशामुळे सुरू झालं, याबद्दल मात्र अजून गृहीतकंच आहेत. या दोन भागांची सरमिसळ झाली की वाचकाला एक तर सगळं ठाऊक आहे असं वाटतं, नाहीतर सगळ्याच थापा वाटतात. म्हणून आधी पक्का भाग पाहू. तिथला सगळ्यात भक्कम साक्षीदार म्हणजे हेलियम.

विश्वातल्या साध्या पदार्थाच्या वस्तुमानात जवळपास पाव हिस्सा हेलियमचा आहे, बाकी बहुतेक सगळा हायड्रोजन. तारे हायड्रोजनपासून हेलियम बनवतात हे खरं, पण आजवर त्यांनी बनवलेलं हेलियम या पाव हिश्श्याच्या जवळपासही पोचत नाही.

सुरुवातीनंतर साधारण 1 सेकंदाने तापमान 1000 कोटी केल्विनच्या आसपास होतं. तोवर प्रोटॉनचे न्यूट्रॉन आणि न्यूट्रॉनचे प्रोटॉन होणं अखंड चालू होतं. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे 0.14 टक्का जड. तेवढी जादा ऊर्जा मिळणं थंड होत जाणाऱ्या विश्वात अवघड होत गेलं आणि न्यूट्रॉन कमी पडू लागले. पुढे विश्व इतक्या वेगाने विरळ होत गेलं की न्यूट्रिनो या अतिहलक्या कणांमार्फत होणारी ही अदलाबदल जवळपास थांबलीच. त्या वेळी साधारण 6 प्रोटॉनांमागे 1 न्यूट्रॉन उरला होता.

आता प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जोडून ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा जड भाऊ, व्हायला हवं, कारण हेलियमकडे जाणारी वाट तिथूनच जाते. इथे सगळं अडून बसलं. दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे प्रकाशाचे 100 कोटींहून जास्त कण होते. सरासरी प्रकाशकणात ड्युटेरियम फोडण्याइतकी ऊर्जा उरली नव्हती, पण एवढ्या गर्दीत सरासरीपेक्षा कितीतरी ताकदवान असे थोडे कण निघतातच, आणि तेवढे पुरेसे होते. तापमान 90 कोटी केल्विनच्या आसपास उतरेपर्यंत, म्हणजे तीन-चार मिनिटं, ड्युटेरियम बनताक्षणी फुटत राहिलं. मोकळा न्यूट्रॉन तर सरासरी 15 मिनिटंही टिकत नाही. या खोळंब्यात काही न्यूट्रॉन विघटित झाले आणि प्रमाण 7 ला 1 वर आलं.

पुढचा हिशेब शाळकरी आहे. 14 प्रोटॉन आणि 2 न्यूट्रॉन घ्या. दोन्ही न्यूट्रॉन 2 प्रोटॉनांसह एका हेलियमच्या अणुकेंद्रात गेले, 12 प्रोटॉन हायड्रोजन म्हणून उरले. वस्तुमान 16 पैकी 4, म्हणजे 25 टक्के.

मोजणी कुठे करायची? ज्या बुटक्या दीर्घिकांमध्ये ऑक्सिजन अगदी कमी आहे, म्हणजे ताऱ्यांनी फारशी भेसळ केलेली नाही, तिथे. उत्तर 24 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान येतं. ड्युटेरियमची मोजणी जास्त कटकटीची. दूरच्या क्वेसारचा, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा, प्रकाश वाटेतल्या वायूतून येताना ड्युटेरियमची शोषणरेषा (त्याने गिळलेल्या रंगाची काळी रेघ) उमटते, पण ती हायड्रोजनच्या रेषेपासून सेकंदाला 82 किलोमीटर वेगाच्या फरकाइतकीच बाजूला असते. नेमक्या त्या वेगाने सरकणारा हायड्रोजनचा एखादा छोटा ढग मध्ये आला तर तोच ड्युटेरियम म्हणून खपून जातो. 1990च्या दशकात काही मोजण्यांमध्ये प्रमाण जवळजवळ दहापट निघालं, त्यामागे हीच गफलत होती. आजचा आकडा हायड्रोजनच्या 1 लाख अणूंमागे सुमारे अडीच, आणि तो गणिताशी जुळतो. लिथियम मात्र जुन्या ताऱ्यांत अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश सापडतं. हा खडा अजून निघालेला नाही.

1948मध्ये राल्फ आल्फर आणि जॉर्ज गॅमो यांनी हे गणित मांडलं तेव्हा त्यांना सगळीच मूलद्रव्यं याच भट्टीतून काढायची होती. ते जमलं नाही, कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून 5 किंवा 8 कण असलेलं एकही अणुकेंद्र टिकत नाही, त्यामुळे साखळी तिथेच तुटते. जड मूलद्रव्यं ताऱ्यांत शिजतात हे दाखवण्यात पुढाकार होता फ्रेड हॉईल यांचा, आणि ते महास्फोटाचे, म्हणजे विश्व तप्त, दाट अवस्थेतून सुरू झालं या सिद्धांताचे, कट्टर विरोधक. गंमत अशी की 1964मध्ये रॉजर टेलर यांच्यासह, एवढ्या हेलियमसाठी अतितप्त अवस्था लागते हे गणित त्यांनीच करून दाखवलं. कोल्हापूरला जन्मलेले, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक जयंत नारळीकर यांनी 1993मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर सुधारित स्थिर स्थितीचं, म्हणजे विश्वाला एकच एक सुरुवात न मानणारं, प्रारूप मांडलं. ते बहुसंख्यांना पटलं नाही, पण प्रचलित सिद्धांताला नेमके कुठले प्रश्न विचारायचे हे त्यातून स्पष्ट होत गेलं.

आता कारणाकडे. महास्फोटाचं गणित ‘का’ सांगत नाही. तप्त, दाट विश्व ते गृहीत धरूनच सुरू होतं. 1980च्या सुमारास ॲलन गूथ आणि इतरांनी इन्फ्लेशनची कल्पना आणली: सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात एका क्षेत्राच्या ऊर्जेने अवकाश प्रचंड फुगलं, आणि ती ऊर्जा विरताना तप्त कण निर्माण झाले. पार्श्वप्रारणातल्या, म्हणजे त्या तप्त काळातून उरलेल्या आणि आकाशभर पसरलेल्या मंद प्रारणातल्या, लाखात एक भाग इतक्या बारीक चढउतारांचं स्वरूप या कल्पनेशी चांगलं जुळतं. मात्र हे क्षेत्र कुठलं आणि त्याआधी काय, हे तीही सांगत नाही. काहीजण पुंज (क्वांटम) चढउतारांतून विश्व उपजल्याचं मानतात, काहीजण आधीच्या आकुंचनानंतरची उसळी.

इन्फ्लेशनमुळे उठलेल्या गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातल्याच तरंगांचा, ठसा पार्श्वप्रारणाच्या ध्रुवीकरणात (त्याच्या कंपनांच्या दिशेत) सापडायला हवा. मार्च 2014मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 दुर्बिणीच्या गटाने तो सापडल्याचं जाहीर केलं. वर्षभरातच प्लँक उपग्रहाच्या मोजण्या जोडून पाहिल्यावर कळलं की त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता. 2021च्या विश्लेषणाने ठशाच्या ताकदीवर आणखी कडक मर्यादा घातली आणि इन्फ्लेशनची काही साधी प्रारूपं बाद झाली. उरलेल्यांची तपासणी चालू आहे.