चार भाग सोसा, मग बघा!

“मामा, पहिले चार भाग कसेबसे काढ. पाचव्यापासून तू जागचा हलणार नाहीस.”

भाच्याने हे बजावलं तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि मालिका होती ‘द वायर’. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले पोलीस, गर्द विकणारी पोरं, गोदीतले कामगार, महापालिका, शाळा, वर्तमानपत्र असा सगळा ऐवज. पाच सीझन, साठ भाग. एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर २००२ ते २००८ या काळात ती चालू होती तेव्हा फारसं कुणी बघत नव्हतं. टीव्हीसाठीच्या एमी पुरस्कारांची नामांकनं मिळाली दोन, दोन्ही लेखनासाठी, आणि पुरस्कार एकही नाही. पुढे २०२१ मध्ये बीबीसीने जगभरच्या जाणकारांना कौल लावला, तेव्हा हीच मालिका एकविसाव्या शतकातली सर्वोत्तम ठरली.

मी चार भाग काढले. डुलक्या घेत काढले. पाचव्यातही फार काही घडलं नाही. आठव्या-नवव्याच्या सुमारास कधीतरी मला ती थोर वाटायला लागली आणि महिन्याभरात मीच ऑफिसात डबा खाताना लोकांना सांगत होतो, पहिले चार भाग सोसा, मग बघा.

आता प्रश्न असा, की मालिका तिथून खरंच चढली, की आठ-नऊ तास घातल्यावर “फुकट गेले” म्हणायची माझी छाती नव्हती?

या प्रश्नावर १९५९ साली एक प्रयोग होऊन गेलाय. एलियट अॅरनसन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात यायचं निमंत्रण दिलं. प्रवेशासाठी काही जणींना परक्या पुरुषासमोर अतिशय लाजिरवाणे शब्द मोठ्याने वाचावे लागले, काहींना त्या मानाने सौम्य, काहींना थेट प्रवेश. मग सगळ्यांना त्या गटाची चर्चा ऐकवली. ती मुद्दाम रटाळ केलेली होती. प्राण्यांच्या लैंगिक वर्तनावर माणसं अडखळत, एकमेकांना खोडत बोलत होती. थेट आलेल्यांना आणि सौम्य परीक्षा दिलेल्यांना चर्चा जेमतेम वाटली. जिने सर्वांत जास्त लाज सोसली, तिला मात्र ती रंजक वाटली. जे मिळवायला त्रास झाला ते मोलाचंच असणार, असा हिशेब मन आपल्या नकळत जुळवून टाकतं.

यावरून ‘द वायर’ सुमार आहे असं मुळीच ठरत नाही. माझी साक्ष कच्ची आहे, एवढंच ठरतं.

गाजलेल्या कलाकृतींवरच्या वादात बहुतेक साक्षी अशाच कच्च्या असतात. एक म्हणतो, नाव झालंय ते लायकीवर झालंय. दुसरा म्हणतो, काटा मारलाय. तराजू नेमकं काय तोलतो, हे मात्र दोघांनाही विचारावंसं वाटत नाही.

सर्वांत प्रसिद्ध तराजू आयएमडीबीचा, म्हणजे प्रेक्षक जिथे चित्रपटांना दहापैकी तारे देतात त्या संकेतस्थळाचा. त्यांच्या अडीचशे चित्रपटांच्या यादीत साधी सरासरी चालत नाही. ती चालली असती तर दिग्दर्शकाच्या पन्नास नातलगांनी दिलेल्या दहा-दहा ताऱ्यांवर कुठलाही चित्रपट पहिला आला असता. म्हणून त्यांनी एक युक्ती जाहीर केली होती: प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात आधी २५,००० काल्पनिक मतं टाकायची, ती सगळी सर्वसाधारण सरासरीची, म्हणजे साधारण सातची. आता पन्नास जणांनी ९.६ दिलेला चित्रपट या सातांच्या समुद्रात विरघळून ७.००५ वर येतो. वीस लाख लोकांनी ९.२ दिले असतील तर आकडा ९.१७ राहतो. थोडक्यात, थोड्या लोकांच्या प्रेमाला हा तराजू फार किंमत देत नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने युक्ती चोख आहे. पण “सात” म्हणजे प्रत्येकाच्या मनात काय असतं, ते सूत्राच्या हाती नाही.

शिवाय लोक भांडतात. २००८ च्या उन्हाळ्यात ‘द डार्क नाइट’ आला आणि बॅटमनच्या चाहत्यांनी तो या यादीच्या शिखरावर नेऊन बसवला. तिथे वर्षानुवर्षं ‘द गॉडफादर’ होता. मग दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या चित्रपटांना एक-एक तारा देण्याचा सपाटा सुरू झाला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला: वर आला ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ आणि तिथेच ठाण मांडून बसला. १९९४ च्या या चित्रपटावर अडीच कोटी डॉलर खर्च झाले होते आणि पहिल्या फेरीत अमेरिकेतून साधारण १.६ कोटी आले होते. ऑस्करची सात नामांकनं, हाती शून्य. त्याला उभं केलं ते भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटींनी आणि १९९७ पासून केबल वाहिनीवर पुनःपुन्हा दाखवलं गेल्याने. चित्रपट चांगलाच आहे. पण जगातला पहिला? आणि पहिला नाही तर कितवा?

“कितवा” याच प्रश्नाला हात घालणारा प्रयोग मला या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो. चित्रपटाचं कुणी दोनदा पहिल्यांदा प्रदर्शन करू शकत नाही. ‘गॉडफादर’ एकदाच आला, एकाच जगात आला. त्याची कीर्ती अटळ होती की योगायोग, हे तपासायचं तर दुसरं जग हवं. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी अशी आठ जगं तयार केली. इंटरनेटवर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली आणि १४,३४१ लोकांना बोलावलं. ऐका, तारे द्या, आवडलं तर उतरवून (डाउनलोड करून) घ्या. काही जणांना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. त्यांची निवड स्वतंत्र. बाकीच्यांना आठ जगांत विभागलं आणि त्यांच्याच जगातल्या आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवलं, तो आकडाही दाखवला. प्रत्येक जगात सुरुवात शून्यापासून, गाणी तीच.

आठही जगं वेगवेगळी निघाली. ‘लॉकडाउन’ नावाचं एक गाणं (२००६ साली या शब्दाला आजचा वास नव्हता) स्वतंत्र निवडीत २६ वं आलं होतं, म्हणजे धड वर नाही, धड खाली नाही. एका जगात ते पहिलं आलं. दुसऱ्या एका जगात चाळिसावं. सुरुवातीच्या चार-दोन लोकांच्या लहरीने आकडा जरासा वर सरकला, तो पाहून पुढच्यांनी ते आधी ऐकलं, मग आणखी. गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने लावून दाखवली, तेव्हा तर गाजलेली आणखी गाजली, पडलेली आणखी पडली, आणि कोण गाजेल हे सांगणं उलट अवघड झालं.

पण सगळंच नशीब, असंही नव्हतं. स्वतंत्र निवडीत उत्तम ठरलेली गाणी क्वचितच तळाला गेली आणि अगदी वाईट गाणी क्वचितच वर आली. गुणवत्ता पट्टा ठरवते; पट्ट्यात जागा कुठली, ते बरंचसं रांगेत आधी कोण उभं होतं त्यावर. म्हणून “हा चित्रपट चांगला आहे का” या वादाला काही अर्थ असतो. “हा पहिला आहे की नववा” या वादावर मात्र मी आता चहा संपेपर्यंतच थांबतो.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवला ‘शोले’. १५ ऑगस्ट १९७५ ला आला तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली होती आणि सुरुवातीची गर्दी बेताची होती. फिल्मफेअर पुरस्कारांत त्याच्या वाट्याला एकच आला, संकलनाचा, तो आपल्या मा. स. शिंदे यांना. नंतर तोंडोतोंडी बोलबाला झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. आठ जगांपैकी एखाद्या जगात पहिल्याच आठवड्यात तो थिएटरांतून उतरला असेल का? त्या जगातली एखादी आत्या आजही सांगत असेल, “तो गब्बरचा सिनेमा बरा होता गं, पण चालला नाही.”

आता पुनःपुन्हा दाखवण्याबद्दल. फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ला १९४६ मध्ये तोटा झाला. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना फुकटात दाखवायला एक नाताळचा चित्रपट मिळाला. सगळ्यांनी तो दरवर्षी, दिवसाकाठी अनेकदा दाखवला. एका पिढीनंतर तो अमेरिकेचा लाडका नाताळपट झाला होता. आपल्याकडे वाहिन्यांवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की रिमोट आपोआप खाली ठेवला जातो, त्यात गुण किती आणि सवय किती?

कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स कटिंग यांनी नेमकं हेच वर्गात करून पाहिलं. व्याख्यानाच्या मधेमधे, काही न बोलता, फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची कमी प्रसिद्ध चित्रं ते जेमतेम दोन-दोन सेकंद पडद्यावर दाखवत. सत्र संपताना विद्यार्थ्यांची प्रसिद्ध चित्रांकडे असलेली ओढ पुसली गेली होती. ओळखीचं ते आवडतं. इथवर वाचून काटा मारल्याची तक्रार करणारे खूश होतील. पण २०१३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हाच प्रयोग एक गंमत करून केला: दाखवायला चित्रं घेतली थॉमस किंकेड या अमेरिकी चित्रकाराची, ज्याची गुळगुळीत, गोडगोड घरं कलासमीक्षकांच्या थट्टेचा विषय असतात. जितक्या जास्त वेळा किंकेड दिसला, तितका तो नावडता होत गेला. सोबत दाखवलेल्या जॉन एव्हरेट मिले या मान्यवर चित्रकाराच्या बाबतीत तशी घसरण दिसली नाही. म्हणजे पुनःपुन्हा दिसण्याने आवड वाढतेच असं नाही. कधी कधी चित्राचं पितळही उघडं पडतं. ‘बनवाबनवी’ तिसाव्यांदा पाहतानाही हसू येत असेल, तर ते सगळं सवयीच्या खात्यात टाकता येणार नाही.

कीर्तीचा उलटा फटकाही बसतो, आणि “एवढं काय आहे त्यात?” या वाक्याचा उगम बहुधा तिथेच आहे. बलाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी पुस्तकांवरची वाचकांची मतं तपासली. मोठा पुरस्कार जिंकलेली पुस्तकं एका बाजूला, अंतिम यादीत येऊन हुकलेली दुसऱ्या बाजूला. पुरस्कारानंतर जिंकलेल्यांचे वाचक वाढले आणि तारे घसरले. कारण साधं आहे. आधी ते पुस्तक ज्यांना त्या प्रकारचं वाचन आवडतं तेच उचलत होते. पदक लागल्यावर ज्यांचा तो प्रांत नाही तेही आले, मोठी अपेक्षा घेऊन आले आणि हात हलवत परतले. चित्रपटांवर हा अभ्यास नव्हता. पण दोन आठवडे “बघच बघ” ऐकून थिएटरात गेलेल्या कुणालाही हा अनुभव परका नसावा.

बदलणाऱ्या गर्दीचं आणखी मोठं उदाहरण म्हणजे ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाचा कौल, दर दहा वर्षांनी होणारा. पहिला १९५२ चा, त्यात ‘बायसिकल थीव्ज’ अव्वल. मग १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’. २०१२ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’. आणि २०२२ मध्ये शांताल अकेरमनचा १९७५ चा ‘जान दीलमान’, ज्यात ब्रुसेल्समधली एक विधवा तीन तासांहून जास्त वेळ बटाटे सोलते, भांडी घासते, आणखीही काही करते. बऱ्याच लोकांनी कपाळावर हात मारला. चित्रपटाची एक चौकटही बदललेली नव्हती. बदलले होते मतदार: २०१२ ला ८४६, २०२२ ला १,६३९. नव्या लोकांनी आपापल्या आवडी आणल्या, यादी हलली. मी स्वतः तो पाहिलाय. बटाट्यांच्या प्रसंगाला मला झोप आली नाही, उलट धास्ती वाटली, ती का हे अजून नीट सांगता येत नाही. अर्थात, तीन तास सोसल्यावरची साक्ष आहे. वरचा लाजेचा प्रयोग लक्षात ठेवून घ्या.

मागच्या दिवाळीत मी भाच्याला ‘सिटिझन केन’ दाखवला. चाळीस मिनिटांनी म्हणाला, “मामा, यात विशेष काय आहे?” मी सिनेमा थांबवला. बर्फात खेळणारा मुलगा खिडकीतून लांब दिसतोय, पुढे टेबलाशी त्याची आई त्याला दुसऱ्याच्या ताब्यात देणारे कागद बघतेय, आणि दोन्ही तितकेच स्पष्ट दिसतात. छायाचित्रकार ग्रेग टोलंडने हे १९४१ मध्ये साधलं, लहान छिद्राची भिंगं आणि भरपूर प्रकाश वापरून. खोल्यांना छत दिसतं, तेव्हाच्या सेटवर ते सहसा नसायचंच. “पण हे तर सगळेच करतात,” तो म्हणाला. खरं होतं. ज्याची नक्कल सगळ्यांनी केली, ते मूळ नकलेनंतर बघणाऱ्याला शिळंच लागणार. त्याच्या जगात रांग उलटी लागली होती.

तरी त्याने शेवटपर्यंत पाहिला. मग मोबाइल काढून तारे द्यायला लागला. अंगठा सातवर टेकला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि अंगठा आठवर सरकवला.