टाक्याची भूमिती: पहिला स्वेटर विणण्याआधी

माण आणि खटाव तालुक्यांच्या माळांवर चरणाऱ्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी सनगर विणकर पिढ्यान्‌पिढ्या मागावर विणत आले आहेत. त्याच सातारा जिल्ह्यात थंडीची चाहूल लागली की अनेक घरांतून सुया आणि लोकरीचे गुंडेही बाहेर निघतात. घोंगडी उभी किंवा आडवी कितीही ओढली तरी फारशी ताणली जात नाही. स्वेटरचा गळा मात्र डोक्यावरून उतरताना चांगला रुंदावतो आणि लगेच आपल्या मापावर परत येतो. हा फरक रचनेतून येतो, आणि पहिल्यांदा स्वेटर विणायला घेणाऱ्याने तो आधी समजून घेतला तर पुढच्या बऱ्याच अडचणी टळतात.

मागावरच्या कापडात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना ओलांडत जवळजवळ सरळ रेषेत जातात. असे कापड धाग्याच्या दिशेने ओढले, की ताण थेट धाग्यावर येतो, आणि धागा स्वतः फारसा लांबत नाही. सुयांवरच्या विणीत सरळ धागा कुठेच नसतो. प्रत्येक टाका म्हणजे धाग्याचा एक फासा. तो खालच्या ओळीतल्या फाशातून ओढून घेतलेला असतो आणि वरच्या ओळीतला फासा त्याच्यातून निघतो. विणलेला तुकडा उजेडासमोर धरून आडवा ताणून पाहावा. फाशाचे दोन पाय एकमेकांपासून दूर सरकतात, त्याचा उंच माथा बुटका होतो आणि तुकडा रुंद होताना उंचीला कमी होतो. धागा तेवढाच राहतो, फक्त त्याचे वळण बदलते. सोडल्यावर वाकलेला धागा पुन्हा पूर्वीच्या वळणाकडे येऊ पाहतो. अगदी न ताणणाऱ्या धाग्यापासूनही ताणणारे कापड तयार होते ते यामुळेच.

या रचनेत मुळात दोनच टाके आहेत, सुलट आणि उलट. सुलट टाका मागच्या बाजूने पाहिला की तोच उलट दिसतो. असे असूनही त्यांची मांडणी बदलली की कापडाचा स्वभाव बदलतो. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणली, तर समोरची बाजू गुळगुळीत येते, पण सगळे फासे एकाच दिशेला वाकलेले असल्यामुळे कडा गुंडाळल्या जातात: वरची आणि खालची कड पुढच्या बाजूला, डावी आणि उजवी कड मागच्या बाजूला. पहिल्यांदा विणणाऱ्यांना ही आपल्या हाताची चूक वाटते. वास्तविक ती त्या विणीचीच प्रकृती आहे आणि इस्त्री फिरवून ती कायमची जात नाही. दोन सुलट दोन उलट अशा पट्टीत मात्र सुलट टाक्यांचे खांब पुढे येतात, उलट टाक्यांचे मागे दबतात, आणि कापड चुणीसारखे आडवे आक्रसते. मनगट आणि कंबरेच्या पट्टीला ही वीण घेतात ती तिच्या आडव्या लवचिकतेसाठी. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत एलिसाबेटा मात्सुमोतो या भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी टाक्यांची मांडणी आणि कापडाचा ताण यांचे गणित मांडत आहेत. आपल्याकडच्या आज्यांच्या हातांना हे ज्ञान कधीचेच आहे, हे मला फार आदराने नोंदवावेसे वाटते.

आता मापाचा प्रश्न. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले असतील, तर ९० सेंटिमीटर घेरासाठी १९८ टाके लागतात. विणणारीची वीण थोडी सैल असून तिचे १० सेंटिमीटरला २० टाकेच बसत असतील, तर त्याच १९८ टाक्यांचा घेर ९९ सेंटिमीटर होतो. घट्ट वीण असून २४ टाके बसले, तर तो ८२.५ सेंटिमीटरवर येतो. प्रत्येक टाक्यातला फरक नजरेला न जाणवण्याइतका बारीक असतो, पण तो शेकडो टाक्यांतून साचत जातो. म्हणून स्वेटरच्याच लोकरीचा आणि सुयांचा सुमारे १५ सेंटिमीटरचा चौकोन आधी विणावा आणि कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. टाके कमी भरले तर बारीक सुई घ्यावी, जास्त भरले तर जाड. आपल्या दुकानांतील जुन्या पद्धतीच्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर, तर १० नंबरची ३.२५ मिलिमीटर जाडीची असते. या चौकोनाला लागणारी संध्याकाळ वाया गेली असे कोणीही मानू नये.

लोकर निवडताना एक गोष्ट स्पष्ट विचारावी. बाजारात लोकर म्हणून मिळणारे बरेच गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ते स्वस्त, धुवायला सोपे आणि हात बसवण्यासाठी उत्तम आहेत. मेंढीची लोकर मात्र केराटिन या प्रथिनाची असते आणि स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली वाटत नाही. बाष्प शोषताना ती थोडी उष्णताही बाहेर टाकते. ॲक्रिलिक एक-दोन टक्क्यांच्या आसपासच बाष्प घेते. लोकर टोचते की नाही, हे तंतूच्या जाडीवर ठरते: साधारण ३० मायक्रोमीटरपेक्षा जाड तंतूंची टोके त्वचेला बोचतात, मऊ मेरिनोचे तंतू त्याहून बारीक असतात. ऊब दोन्हींत प्रामुख्याने टाक्यांत आणि तंतूंत अडकलेल्या स्थिर हवेची असते. यवतेश्वरचा घाट चढून दुचाकीवरून कासला जाताना वारा ती हवा उडवून लावतो, त्यामुळे तिथे स्वेटरवर वारा न शिरणारे जाकीट लागतेच.

नमुन्याचा चौकोन मोजण्यापूर्वी तो पुढे स्वेटर जसा धुणार तसाच धुवावा. पाण्याने लोकरीच्या तंतूंमधील हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात, त्यामुळे टाके एकसारखे बसतात आणि मापही बदलू शकते. गरम पाणी आणि चोळणे मात्र टाळावे. तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकले की कापड आटून जाड होते आणि ते पुन्हा सुटत नाही. ओला स्वेटर दोरीवर टांगला, तर पाण्याच्या वजनाने फासे उभे लांबतात. तो टॉवेलवर सपाट पसरून, टेपने माप जुळवून सावलीत वाळवावा.