पार्श्वभूमी : विमानाच्या दाराचा दिवा नेमकं काय पाहतो?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर येणाऱ्या एटीआर ७२ विमानाच्या कॉकपिटमध्ये डोक्यावर दारांचं एक छोटं पॅनेल असतं. दार नीट लागलं की तिथला ‘अनलॉक’चा दिवा विझतो. त्याच पॅनेलवर ‘स्विच टेस्ट’चं बटण आहे. ते दार उघडं असताना दाबायचं. प्रवासी आणि सर्व्हिस दाराचे मायक्रोस्विच (दाबले की सर्किट बदलणारे छोटे स्विच) ठीक असतील तर ‘ओके’चे दिवे लागतात. कुलपाची चाचणी दार उघडं ठेवून का? कारण विझलेल्या दिव्याचे अर्थ दोन असतात : कुलूप खरंच लागलंय, किंवा स्विच ‘लागलंय’ याच स्थितीत अडकून बसलाय. दार उघडं असतानाच हे दोन वेगळे काढता येतात. या एका बटणामागे माणसांच्या जिवाची किंमत मोजून शिकलेला धडा आहे.

मोठं जेट उंचावर गेलं की आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ८ पीएसआयने (दर चौरस इंचाला ८ पौंडांनी) जास्त असतो, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण साडेपाच टन. आतून बुचासारखं बसणारं दार या दाबानं उलट घट्टच होतं. मालाच्या कप्प्याचं दार मात्र जागा वाचावी म्हणून बहुधा बाहेर उघडणारं करतात. ७ चौरस मीटरच्या दारावर मग जवळपास ४० टनांचा रेटा येतो, आणि तो सगळा लॅचवर, म्हणजे दार चौकटीला धरून ठेवणाऱ्या आकड्यांवर. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या धरायच्या : दार बंद होणं, लॅच बसणं, आणि लॅच मागे फिरू नये म्हणून त्यावर लॉक लागणं.

१२ जून १९७२ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं मागचं माल-दार कॅनडातल्या विंडसरजवळ हवेत उडालं. जमिनीवर हँडल जोर लावून खाली दाबलं गेलं होतं. आतला दांडा वाकला, लॅच पूर्ण बसलेच नव्हते, तरी कॉकपिटमधला दिवा विझलेला. सगळे ६७ जण वाचले. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ तुर्की एअरलाइन्सच्या डीसी-१०चं तेच दार गेलं. मालकक्षातला दाब एकदम पडला, वरची फरशी खचली, तिच्याखालून जाणाऱ्या कंट्रोल केबल तुटल्या आणि ३४६ माणसं गेली.

तपासात जे सापडलं ते आमच्या मते या साऱ्या इतिहासाचं मूळ आहे. लॉकपिन, म्हणजे लॅचला मागे फिरू न देणाऱ्या पिना, जागेवर नव्हत्या. विंडसरनंतर ठरलेली आधारपट्टी या विमानात बसलेली नव्हती. आणि दिव्याच्या स्विचवर दाबणाऱ्या तुकड्याचं अ‍ॅडजस्टमेंट चुकलेलं होतं, त्यामुळे पिन पूर्ण न सरकताच स्विच दाबला जाई. स्विच बिघडलेला नव्हताच. चुकली होती त्याची मांडणी. पिन डोळ्यांनी पाहायला दारात एक छोटी काच होती. त्या दिवशी तिच्यातून नीट पाहिलं गेलं असतं तर विमान उडालंच नसतं.

२४ फेब्रुवारी १९८९ ला होनोलुलूहून निघालेल्या युनायटेडच्या बोइंग ७४७ चं पुढचं माल-दार उडालं आणि ९ प्रवासी गेले. पहिला अंदाज होता की दार नीट लावलं गेलं नव्हतं. पुढे पॅसिफिकच्या तळातून दार वर काढलं, तेव्हा १९९२ मध्ये निष्कर्ष बदलला : स्विच किंवा वायरिंगच्या दोषामुळे दाराच्या मोटरला वीज मिळून लॅच उघडण्याच्या दिशेनं फिरले, आणि अ‍ॅल्युमिनियमचे लॉक त्यांना अडवू शकले नाहीत. म्हणजे दिवा खरा असणं पुरेसं नाही, लॉकही तेवढं ताकदवान हवं.

विमानांच्या दारांबद्दलचा अमेरिकी नियम २५.७८३ हा २००४ मध्ये नव्यानं लिहिला गेला. बंद, लॅच, लॉक या तिन्ही क्रिया पूर्ण झाल्याचं स्पष्ट दिसलं पाहिजे, खोटा ‘सुरक्षित’ संकेत मिळण्याची शक्यता अत्यल्प हवी, आणि दार पूर्ण लागलेलं नसेल तर धोकादायक पातळीपर्यंत दाब चढताच कामा नये.

दरम्यान मायक्रोस्विचची जागा प्रॉक्सिमिटी सेन्सरनं, म्हणजे स्पर्श न होता समोर धातू आहे का हे ओळखणाऱ्या सेन्सरनं, घेत आणली. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनवर काम करणाऱ्यांना दोन्ही ओळखीचे. दट्ट्या दाबून चालणाऱ्या लिमिट स्विचमध्ये कूलंट (मशिन थंड ठेवणारं द्रव) शिरतो, कॉन्टॅक्ट काळे पडतात, दट्ट्या अडकतो. विमानात कूलंटऐवजी ओल आणि बर्फ. प्रॉक्सिमिटीत हलणारा भागच नाही. पण कारखान्यातल्या तीन वायरींच्या प्रॉक्सिमिटीची काळी (सिग्नलची) वायर तुटली, तर पीएलसीला (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरला) फक्त ‘समोर काही नाही’ एवढंच दिसतं. विमानातला सेन्सर बहुधा नुसती सीलबंद कॉइल असतो, दोन वायरींचा. समोर लोखंडी टार्गेट आलं की कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) वाढतो. तो मोजणारं सर्किट दूर पेटीत असतं. बोइंग ७३७ मध्ये या पेटीला पीएसईयू म्हणतात. एअरबस ए३२० मध्ये माल-दारांचे सिग्नल एलजीसीआययू नावाच्या अशाच पेटीकडे जातात. मोजलेली किंमत ‘जवळ’ आणि ‘लांब’ यांच्या पट्ट्याबाहेर गेली, तर वायर तुटली किंवा शॉर्ट झाली हे पेटीला कळतं आणि ‘फॉल्ट’ नोंदवला जातो. सेन्सर स्वतःचा बिघाड स्वतः सांगतो, ही खरी झेप.

सेन्सर आणि टार्गेट यांच्यातली गॅप मात्र अजून माणसालाच लावावी लागते, तीही काही मिलिमीटरची. फीलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) प्लास्टिकचं घ्यायचं, कारण स्टीलचं पातं कॉइलला टार्गेटसारखंच दिसतं. टार्गेट कशावर बसवलंय हेही तपासायचं : हँडलवर असेल तर सेन्सर हँडलचीच बातमी देणार, लॉकपिनची नाही. आणि टार्गेटखाली एक शिम (उंची जुळवायची पातळ चकती) जास्त पडली, तर १९७४ चीच चूक नव्या सेन्सरवरही होऊ शकते. म्हणून शिम बदलल्यावर पेटीतला आकडा बरोबर आला तरी काम तिथं संपत नाही. टॉर्च घेऊन काचेतून पिन पाहायची आणि तिच्यावरची खूण जुळते का हे तपासूनच सही करायची.