हॉट स्टार्ट प्रॉब्लेम (जुन्या फ्युएल इंजेक्शन गाड्या)

गाडी थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते, चालवून बंद केली आणि लगेच चावी फिरवली तरी सुरू होते, पण वीस-तीस मिनिटं उभी राहिली की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची वेळ येते आणि सुरू झालीच तर थोडा वेळ मिसिंग करत चालते, याला हॉट स्टार्ट प्रॉब्लेम म्हणतात. चार-पाच तासांनी गाडी पूर्ण थंड झाली की परत सगळं नॉर्मल. १९७० आणि ८० च्या दशकातल्या इंजेक्शनच्या गाड्या, त्यातही बॉशची के-जेट्रॉनिक सिस्टिम असलेल्या पोर्श ९११, व्होल्वो २४०, पहिली गोल्फ जीटीआय वगैरे, यांच्यात हे इतकं कॉमन आहे की बरेच मालक "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून सोडून देतात. पण हा वयाचा दोष नाहीये, बहुतेक वेळा कुठलातरी एकच पार्ट प्रेशर सोडत असतो आणि तो शोधता येतो.

इंजिन बंद केल्यावर कूलंट फिरायचा थांबतो, फॅनची हवा थांबते, पण ब्लॉक आणि एक्झॉस्टमधली उष्णता बाहेर येतच राहते, त्यामुळं बोनेटखालचं तापमान आधी वाढतं आणि मग हळूहळू उतरतं. पेट्रोलमधले हलके घटक उघड्यावर ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर वाफ आणखी लवकर धरते. लाइनमध्ये दाब असेल तर मात्र उकळत नाही, कुकरमधलं पाणी १०० अंशाला उकळत नाही तसंच. के-जेट्रॉनिकमध्ये गाडी चालू असताना सिस्टिम प्रेशर ५ बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक, साधारण हवेच्या दाबाइतकं) आसपास असतं, बंद केल्यावर ते पटकन इंजेक्टर उघडायच्या प्रेशरच्या, म्हणजे साधारण साडेतीन बारच्या, खाली येतं (नाहीतर इंजेक्टर गळतच राहतील) आणि तिथून पुढं टिकून राहायला हवं. हे रेसिड्युअल प्रेशर. वीस मिनिटांनी दीड-दोन बार तरी उरलेलं पाहिजे, नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. ते गेलं की लाइनमध्ये वाफ होते, मेकॅनिकच्या भाषेत एअर लॉक, आणि सेल्फ मारल्यावर पंप आधी ती वाफच ढकलत बसतो.

याच्या बरोबर उलटा प्रकार म्हणजे पेट्रोल जास्त होणं, गाडी ओव्हर होणं. लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात म्हणून आधी हे दोन वेगळे करायचे. गाडी गरम करून अर्धा तास उभी करा, पंपाचा रिले काढून जंपर वायरनं पंप दहा-पंधरा सेकंद चालवा आणि मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर प्रेशर गेलेलं होतं. त्यानं फरक पडला नाही, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर काळा धूर सोडत सुरू झाली तर पेट्रोल जास्त होतंय. यानंतर प्रेशर गेज लावायचाच, त्याला पर्याय नाही. लोक गेजचे पैसे वाचवतात आणि फ्युएल डिस्ट्रिब्युटर (इंजेक्टरना पेट्रोल वाटून देणारा भाग) बदलून बसतात, जो सगळ्यात महाग पार्ट आहे आणि दोषी क्वचितच असतो.

प्रेशर उतरतंय हे गेजवर दिसलं की गळती कुठून होतेय ते एकेक वाट बंद करून बघायचं. सगळ्यात आधी संशय पंपाच्या तोंडावरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पेट्रोल मागं टाकीकडं जाऊ न देणारा), तो बऱ्याच पंपांवर वेगळा बदलता येतो आणि स्वस्त असतो. पंप बंद केल्याबरोबर टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लॅम्पनं दाबून धरला आणि प्रेशर टिकलं तर व्हॉल्व्हच गेलाय. मग अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे आत स्प्रिंग आणि डायाफ्राम असलेला डबा, ज्याचं कामच प्रेशर धरून ठेवणं आहे. त्याच्या मागचा बारीक पाइप काढून पंप चालवा, तिथून पेट्रोल आलं तर डायाफ्राम फाटलाय, डबाच बदला. रिटर्न पाइप (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा) दाबल्यावर प्रेशर टिकलं तर डिस्ट्रिब्युटरमधल्या प्रेशर रेग्युलेटरची ओ-रिंग बघा. उरले इंजेक्टर आणि कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल सोडणारा), ते काढून पंप चालवून टोकाशी थेंब जमतोय का बघायचं. हे दोन्ही गळले तर प्रेशरही जातं आणि इंजिनही ओव्हर होतं, म्हणजे दोन्ही आजार एकदम. हे सगळं गार इंजिनावर, उघड्या जागेत, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून करायचं, ५ बारचा फवारा गरम एक्झॉस्टवर पडला तर गाडी राहणार नाही.

प्रेशर टिकतंय पण पेट्रोल जास्त होतंय असं असेल तर वॉर्म-अप रेग्युलेटर तपासा, इंजिन गरम होईल तसं पेट्रोल कमी करणारा भाग. त्याच्या हीटरला करंट येत नसेल तर कंट्रोल प्रेशर (जे वाढलं की पेट्रोल कमी होतं) वर चढायला वेळ लागतो आणि तोपर्यंत मिक्श्चर घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचं, राहतं. डी-जेट्रॉनिक आणि एल-जेट्रॉनिक या इलेक्ट्रॉनिक सिस्टिममध्ये हाच घोळ कूलंटचा टेंपरेचर सेन्सर करतो. २० अंशाला त्याचा रेझिस्टन्स साधारण अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास, म्हणजे सेन्सरच्या वायरच्या प्लगला गंज चढून रेझिस्टन्स वाढला की कंप्युटरला गरम इंजिन थंड वाटतं आणि तो पेट्रोल ओतत राहतो. सेन्सर बदलण्याआधी प्लग साफ करून मीटर कंप्युटरच्या टोकाला लावून बघा, कारण वायरमधला दोष सेन्सरवर मोजून कळतच नाही.

काही गाड्यांना कंपनीनंच हॉट स्टार्ट रिले दिला होता, तो गरम इंजिनावर सेल्फ मारताना कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हला थोडेथोडे झटके देतो. गळका व्हॉल्व्ह तसाच ठेवून नुसता हा रिले बसवणं म्हणजे दुखणं झाकणं. आणि सेल्फच जड फिरत असेल किंवा गरम झाल्यावर स्पार्कच येत नसेल तर पेट्रोलच्या मागे लागू नका, स्टार्टर मोटर, कॉइल आणि इग्निशन मॉड्यूल आधी बघा.