एंडोमेट्रिओसिस आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, बीजवाहिन्यांवर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढते, त्या विकाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीच्या चक्राबरोबर या ऊतीतूनही रक्त पाझरते, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. त्यातून सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात साचलेले जुने रक्त दाट, तपकिरी होते. त्या गाठीला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. पाळीत अंथरुणातून उठवत नाही, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी कळ येते, काहींना दिवस राहत नाहीत. जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो.

अमेरिकेत मात्र तो दीर्घकाळ गोऱ्या, सुखवस्तू घरातल्या बायकांचा आजार समजला गेला. बोस्टनचे डॉक्टर जो मेग्ज यांनी त्याचा दोष उशिरा होणाऱ्या बाळंतपणाला दिला. काळ्या स्त्रियांत तो क्वचितच आढळतो, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाई. त्यामुळे काळी स्त्री हेच दुखणे घेऊन आली, की तिच्या कागदावर ‘ओटीपोटाचा जंतुसंसर्ग’ असा शेरा पडे. हा संसर्ग बहुधा लैंगिक संबंधातून होतो, म्हणजे दुखण्याबरोबर चारित्र्यावरही संशय. प्रतिजैविके दिली जात आणि पुढच्या पाळीला कळा पुन्हा सुरू होत. कोणी शोधत नव्हते म्हणून आजार सापडत नव्हता, आणि सापडत नाही म्हणून तो नाहीच, असे धरले जाई.

शिकागोचे कृष्णवर्णीय स्त्रीरोगतज्ज्ञ डॉनल्ड चॅटमन यांनी अशा रुग्णांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिले. जंतुसंसर्ग म्हणून उपचार घेतलेल्या कित्येकींना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होता. त्यांचा लेख १९७६ साली प्रसिद्ध झाला.

समज तरीही पुसला गेला नाही. २०१९ च्या एका संकलित अभ्यासात गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत काळ्या स्त्रियांत निदानाचे प्रमाण जवळपास निम्मे दिसले. हा आकडा निदानाचा आहे, आजाराचा नव्हे. तो वाचताना हा फरक विसरता कामा नये. काळ्या स्त्रियांत गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी अधिक आढळतात, त्यामुळे सगळे दुखणे त्यांच्याच नावावर जमा होते. शिवाय २०१६ च्या एका पाहणीत, काळ्यांची कातडी जाड असते यासारखे खोटे समज गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत आणि निवासी डॉक्टरांतही आढळले. असे समज असणारे काळ्या रुग्णाची वेदना कमी धरत होते.

२०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार दुर्बिणीची शस्त्रक्रिया न करताही, लक्षणांवरून संप्रेरकांच्या गोळ्या सुरू करता येतात. त्यासाठी रुग्णाचे सांगणे आधी नीट ऐकून घ्यावे लागते.