झोपेला मार्क द्यायची पद्धत आली कुठून

झोप मोजायला आधी मशीनच होती. १९२९ ला जर्मनीत हान्स बर्गरनं माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख छापला, १९५३ ला शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमननी झोपेत डोळे भराभर फिरतात तो टप्पा पकडला, मग डोक्याला वायरी लावून रात्रभर लॅबमध्ये झोपवायची पद्धत बसली. पण मशीनला लहरी दिसतात, माणूस सकाळी कसा उठला ते दिसत नाही. निद्रानाश ही मुळात तक्रार आहे, ती ज्याची त्यालाच विचारावी लागते.

म्हणून प्रश्नावल्या. सगळ्यात जास्त चालली ती अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाची, १९८९ ची. १९ प्रश्न, मागच्या महिन्याची झोप, स्कोअर ० ते २१, आणि ५ च्या वर गेला की झोप खराब. १९९१ ला मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या डॉ. मरे जॉन्सनी दिवसाची पेंग मोजायला ८ प्रसंग दिले, टीव्ही पाहताना, जेवून शांत बसल्यावर, ट्रॅफिकमध्ये थांबलेल्या गाडीत डुलकी लागायचा चान्स किती. आता ट्रॅफिकमधली गाडी आमच्या खेड्यात कोणाला विचारणार?

पण खरी अडचण पिट्सबर्गच्या पहिल्याच प्रश्नात आहे, एरवी किती वाजता झोपता. इथं कृषीपंपाची लाईन कधी दिवसा तर कधी रात्री, रात्रीची असली की मोटर सुरू करायला, पाणी वळवायला वावरात जावंच लागते, आणि हरभरा-तूर उभी असली की रोही अन् डुकरांपायी जागल वेगळीच. ‘एरवी’ असं काही राहतच नाही. गरम होऊन झोप मोडते का हे त्यात विचारलंय, मे महिन्यात आमच्याकडं त्याला नाही कोण म्हणणार, पण जागलीला मात्र ‘इतर कारण’ एवढीच जागा.

अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पात नैराश्य मोजायला नऊ प्रश्नांची पीएचक्यू ही प्रश्नावली वापरली, तिच्यातही तिसरा प्रश्न झोपेचाच, मागचे दोन आठवडे. ते दोन आठवडे रात्रीच्या लाईनचे निघाले तर नैराश्याचे मार्क वाढतात आणि कागदावर कारण कुठंच दिसत नाही. झोप येत नाही आणि झोपायला मिळत नाही, दोन्ही एकाच आकड्यात.

माझ्या मते आपल्याकडं मार्क मांडायच्या आधीच लाईन रात्रीची होती का अन् जागल होती का हे विचारून घ्यावं. काम नसलेल्या रात्री जो गाढ झोपतो त्याला गोळी नको, दिवसाची लाईन पाहिजे, आणि जो घरी बाजेवर पडूनही पहाटेपर्यंत टक्क जागा असतो, त्याला मात्र लगेच डॉक्टरकडं न्यावं.